नुसता मापांक सांगू नका: कणयुक्त पोलाद घडवणाऱ्यांना खुलं पत्र

पोलाद कारखान्यांच्या आणि प्रयोगशाळांच्या संशोधन विभागांतील मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

माझ्या टेबलावर चार पट्ट्या पडलेल्या असतात. एक साध्या पोलादाची, एक ॲल्युमिनियमची, एक टायटॅनियमची आणि चौथी तुमच्यातल्याच कुणीतरी नमुना म्हणून दिलेली, टायटॅनियम डायबोराइड या कठीण सिरॅमिकचे कण पोटात घेतलेल्या पोलादाची. लांबी, रुंदी, जाडी चौघींची सारखी. दोन टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर दोरे ताणायचे, त्यावर पट्टी ठेवायची आणि मधोमध बारक्या हातोडीनं टिचकी मारायची. पोलाद वाजतं. मग ॲल्युमिनियम वाजवा. वजनाला ते पोलादाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचं, पण सूर तोच! टायटॅनियमही जवळजवळ तिथेच. कान तयार असेल तर किंचित उतरलेलं वाटेल, इतकंच. या तिघी ‘सा’ लावतात असं धरलं, तर चौथी पट्टी कोमल रिषभ ओलांडून शुद्ध रिषभाच्या थोडी अलीकडे थांबते.

हे पत्र त्या चौथ्या पट्टीच्या सुराबद्दल आहे. आणि तो सूर गाडीपर्यंत का पोचत नाही, त्याबद्दल.

मी वाहनांच्या सांगाड्यावर काम करते. धातू बनवत नाही, निवडते. पत्र्याची जाडी ठरवणं, कुठे वाकवायचा, कुठे वेल्ड करायचा, कुठे भोक पाडायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे तुमचे शोधनिबंध मी गिऱ्हाइकाच्या नजरेनं वाचते. ही नजर जरा चिकट असते, ते सांभाळून घ्या.

आधी एक जुनी फजिती सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीच्या तळाचा पत्रा आम्ही १.२ मिलिमीटरचा १.० केला. साधं मऊ पोलाद काढून दुप्पट ताकदीचं घेतलं. ताकदीच्या सगळ्या चाचण्या पहिल्या फटक्यात पास. वजन घटल्याचा तक्ता मी स्वतः मोठ्या कौतुकानं बैठकीत दाखवला. मग गाडी रस्त्यावर आली आणि ठराविक वेगाला तळ घुमायला लागला. मागच्या सीटवर बसलेल्याला पायातून जाणवावा असा. कारण अगदी पाठ्यपुस्तकातलं होतं. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. १.२ चे १.० केले की तो ४२ टक्क्यांनी घसरतो, आणि पोलाद दुप्पट ताकदीचं घेतलं म्हणून त्यात एक टक्कासुद्धा भरून निघत नाही. शेवटी पत्र्यावर डांबरी गाद्या चिकटवल्या, चार उंचवटे जास्तीचे दाबले, आणि वाचवलेल्या वजनातलं निम्म्याहून जास्त त्या गाद्यांनी परत घेतलं.

ताकद आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हाही माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण पायातून कळणं वेगळं.

हे तुम्हाला शिकवायचं नाही, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. तरी इतर वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहिते. पोलाद कायमचं वाकतं तेव्हा त्याच्या स्फटिकांतल्या डिसलोकेशन नावाच्या रेषा सरकत असतात. या रेषांच्या वाटेत अडथळे घातले की ताकद वाढते. कार्बन घाला, मँगनीज घाला, तापवून पाण्यात बुडवा, स्फटिक बारीक करा, शेकडो युक्त्या आहेत. त्या वापरून पोलादाची ताकद २०० मेगापास्कलपासून २,००० मेगापास्कलपर्यंत नेता येते, म्हणजे दहापट. ताठपणाचं मात्र तसं नाही. तो येतो अणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत त्यावरून. लोखंडाचा अणू दुसऱ्या लोखंडाच्या अणूला जितकं धरतो तितकंच धरणार. म्हणून सगळ्यात मऊ पोलाद घ्या की सगळ्यात कणखर, ताठपणा मोजणारा यंग मापांक २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपासच घुटमळतो. ताकद दहापट झाली आणि ताठपणा होता तिथेच राहिला. त्यामुळे ताकदीच्या जोरावर पत्रा जितका पातळ करता आला असता, तितका ताठपणा करू देत नाही. पातळ केला तर तो घुमतो, नाहीतर त्याची ताकद कामी येण्याआधीच सुरकुती पडून बसतो. सुरकुती कधी पडणार हेही मापांक आणि जाडीच ठरवतात.

मग हलका धातू घ्या, असं कुणी म्हणेल. इथेच त्या पट्ट्यांचा सूर आडवा येतो. सारख्या मापाच्या पट्टीचा सूर मापांक आणि घनतेच्या भागाकारावर ठरतो. मापांकाला घनतेनं भागा: पोलाद २१० भागिले ७.८५, ॲल्युमिनियम ७० भागिले २.७, मॅग्नेशियम ४५ भागिले १.७४. उत्तर दर वेळी २६ च्या आसपास. टायटॅनियमही २५ च्या घरात. निसर्गानं हा हिशेब इतका सारखा का ठेवला असेल, याचं मला अजून नवल वाटतं. ही संख्या सरळसरळ वर न्यायची तर गाड्यांतल्या नेहमीच्या धातूंची नुसती अदलाबदल करून भागत नाही, धातूच्या पोटात धातू नसलेलं काहीतरी घालावं लागतं.

तेच तुम्ही केलंत, आणि निवडलेला पदार्थ नेमका होता. टायटॅनियम डायबोराइडचा मापांक ५६५ गिगापास्कलच्या घरात आणि घनता फक्त ४.५. म्हणजे पोलादाच्या अडीचपट ताठ आणि वर हलका. सिलिकॉन कार्बाइड कागदावर याहून आकर्षक दिसतं, पण लोखंडात ते टिकत नाही, त्याच्याशी अभिक्रिया करून बसतं. ॲल्युमिना टिकतो, पण वितळलेलं लोखंड त्याला धड भिजवत नाही. टायटॅनियम डायबोराइडचं कौतुक असं की त्याची पूड बाहेरून कालवावी लागत नाही. पोलादाच्या रसात टायटॅनियम आणि बोरॉन योग्य प्रमाणात, वजनानं साधारण २.२ ला १ असे, विरघळवले की रस थिजताना हे स्फटिक आपसूक जन्माला येतात. त्यामुळे कण आणि लोखंड यांच्यामध्ये घाण नाही, पोकळी नाही. दोघांची पकड इतकी चांगली की ओढल्यावर आधी कण तुटतो, सांधा सहसा सुटत नाही. ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेतल्या आणि इतर प्रयोगशाळांतल्या मंडळींनी यावर वर्षानुवर्षं खपून काम केलंय, त्याबद्दल मनात आदरच आहे.

आता माझा चिकट हिशेब.

आकारमानानं १२ टक्के कण धरू. घनता येते साधारण ७.४५. मापांक मिश्रणाच्या वरच्या मर्यादेनुसार २५० च्या वर आणि खालच्या मर्यादेनुसार २२७. खरा आकडा मधे कुठेतरी, २३८ धरायला हरकत नाही. भागाकार २६.७ वरून ३२ वर जातो. ही झाली जवळजवळ वीस टक्के वाढ. तुमच्या सादरीकरणांत हीच वीस टक्के मोठ्या अक्षरात असते.

पण भाग कोणता, यावर ही वाढ किती उरते ते ठरतं. बॉनेटसारखा सपाट, मोकळा पत्रा घ्या. तिथे जाडीच्या घनाचं राज्य असल्यामुळे मापांकाचं फक्त घनमूळ कामी येतं. तितकाच ताठपणा ठेवून तुमच्या पोलादानं वजन साधारण ९ टक्के घटतं. ॲल्युमिनियमनं ते निम्मं होतं. निम्मं! तेव्हा बॉनेटचं चित्र दाखवून हे पोलाद विकायला जाऊ नका. समोर बसलेला ॲल्युमिनियमवाला हसेल आणि त्याचं हसणं रास्त असेल.

आता दाराखालची आडवी पेटी घ्या, छताचे खांब घ्या, इंजिन पेलणाऱ्या चौकटीचे दांडे घ्या. हे सगळे बंद, पातळ भिंतींचे डबे आहेत आणि त्यांचा बाहेरचा आकार आम्ही वाढवू शकत नाही. खांब जाड केला तर चालकाला वळणावर समोरचं दिसत नाही. पेटी उंच केली तर गाडीत चढताना पाय अडखळतो. बाहेरचं माप बांधलेलं असलं की डब्याचा ताठपणा जवळपास भिंतीच्या जाडीच्या सरळ प्रमाणात जातो. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमला तिप्पट जाड भिंत लागते आणि वजन घटायचं सोडून पोलादाइतकंच भरतं. तुमचं पोलाद मात्र तिथे पूर्ण १६ टक्के वजन वाचवतं. समजा गाडीच्या सांगाड्यात असे ताठपणावर अडलेले ६० किलोचे भाग असतील, तर साडेनऊ किलो गेले. बाहेरचा आकार तसाच, जोडण्याची जागा तीच. मला विचाराल तर या पोलादाची खरी जागा ही. तुमच्या निबंधांच्या शेवटी ‘वाहन उद्योगात उपयुक्त’ असं एक वाक्य असतं. त्याऐवजी ‘बाहेरचं माप बांधलेल्या पातळ भिंतींच्या बंद भागांत उपयुक्त’ असं लिहा. लांबलचक आहे खरं, पण आमच्यासारख्यांच्या हातून असा निबंध लवकर खाली ठेवला जाणार नाही.

आणखी एक फायदा तुम्ही क्वचितच सांगता. पत्रा डायमधून, म्हणजे दाबायच्या साच्यातून, बाहेर आला की थोडा परत उसळतो, ज्याला आम्ही स्प्रिंगबॅक म्हणतो. ही उसळी ताकदीला मापांकानं भागल्यावर जे येतं त्याच्या हिशेबात असते. ताकद वाढत गेली आणि मापांक जागचा हलला नाही, म्हणून नव्या ताकदवान पत्र्यांची डाय दुरुस्त करता करता आमचे महिने जातात. मापांक १३ टक्क्यांनी वर गेला तर ताकद तीच ठेवून उसळी तेवढ्याच बेतानं खाली येते. डाय बनवणाऱ्याला हे एवढं सांगा, तो तुमच्यासाठी स्वतःहून दार उघडेल.

इथवर कौतुक झालं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

मला कड दाखवा.

पत्र्याची चाचणी म्हणजे तुमच्यासाठी गुळगुळीत घासलेला डमरूसारखा तुकडा यंत्रात धरून ओढणं. माझ्यासाठी पत्रा म्हणजे कातरलेली कड. गाडीतला प्रत्येक भाग कुठेतरी कातरलेला असतो, भोक पाडलेला असतो, आणि पुढच्या ठोक्याला ती कड ताणली जाते. त्या चौथ्या पट्टीबरोबर आलेल्या पत्र्याच्या तुकड्यात आम्ही १० मिलिमीटरचं भोक पंचानं पाडलं आणि ६० अंशाच्या टोकदार शंकूनं ते रुंदावत नेलं. ही काही खास चाचणी नाही, नेहमीचीच आहे. भोक फार रुंदावलंच नाही. तडा गेला. मग दुसऱ्या भोकाची न ताणलेली कड कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. लोखंडाच्या उजळ पार्श्वभूमीवर राखाडी, षटकोनी, टोकदार कण. बारके होते ते बहुतेक शाबूत. पण वीस-तीस मायक्रॉनचे जे थोराड कण होते, ते पंचाच्या घावालाच आडवे दुभंगले होते. शंकू लागायच्या आधीच कडेला तड्यांची बीजं पेरून झाली होती.

हे थोराड कण कुठून येतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. युटेक्टिक बिंदूला लोखंड आणि कण एकदमच थिजतात. कणांचं प्रमाण या बिंदूच्या, म्हणजे आकारमानानं सहा टक्क्यांच्या आसपासच्या मर्यादेच्या वर नेलं, की लोखंड थिजायच्या आधीच पहिले कण एकेकटे वाढायला लागतात. निवांत वेळ मिळाला तर ते गलेलठ्ठ होतात आणि रसापेक्षा हलके असल्यामुळे वर तरंगतातही. झटपट थिजवलं तर बारीक राहतात. प्रयोगशाळेतल्या छोट्या साच्यात झटपट थिजवणं सोपं असतं. वीतभर-दीड वीत जाड स्लॅब सतत ओतणाऱ्या यंत्रात मात्र मधल्या भागाला थंड व्हायला बराच वेळ लागतो. शिवाय रसातलं टायटॅनियम साच्यातल्या पावडरीतल्या सिलिकाशी भांडतं. तेव्हा माझी पहिली मागणी ही की निबंधात मापांकाच्या शेजारी ओतलेल्या तुकड्याची जाडी लिहा. १० मिलिमीटरच्या साच्यातला निकाल असेल तर तसं म्हणा. पातळ पट्टी थेट ओतायची पद्धत वापरली असेल तर तेही सांगा. मला तोच मार्ग जास्त आशेचा वाटतो, पण हा बाहेरून पाहणाऱ्या बाईचा अंदाज समजा.

दुसरी गोष्ट, कणांचं प्रमाण. सगळ्यांची धाव मोठ्या आकड्यामागे आहे. २४० गिगापास्कल गाठलं की टाळ्या मिळतात, २२५ ला कुणी विचारत नाही. पण युटेक्टिकच्या आसपास थांबलं, गलेलठ्ठ कण होऊच दिले नाहीत आणि २२० ते २२५ वर समाधान मानलं, तर भिंतीच्या डब्यात सात-आठ टक्के वजन तरीही वाचतं. दाबता येणारा, कातरता येणारा आठ टक्के वाचवणारा पत्रा मी उद्या घेईन. तडकणारा सोळावाला पुढची दहा वर्षं तुमच्या कपाटातच राहील.

ताकदीबद्दलही थोडं स्पष्ट बोला. शीर्षकात ‘ताठ आणि कणखर’ असे दोन शब्द जोडीनं येतात, जणू दुसरा फुकट मिळतो. टायटॅनियमला कार्बनची भूक मोठी. जास्तीचं टायटॅनियम शिल्लक असेल तर ते कार्बन गिळून कार्बाइड करतं आणि भोवतालचं लोखंड मऊ राहतं. टायटॅनियम कमी पडलं तर उरलेला बोरॉन लोखंडाशी लग्न लावून ठिसूळ बोराइड करतो. या दोन कात्र्यांच्या मधून वाट काढायची तर आधारभूत लोखंडाला कार्बनवाचून बळ द्यावं लागेल, पोलादात वेगळे होऊन बसणाऱ्या तांब्याच्या बारीक कणांनी (अवक्षेपांनी) किंवा आणखी कशानं. हे काम मापांकाइतकं चमकदार नाही. पण यावर पैसे खर्च करा असं मी तुमच्या निधी समित्यांना कळकळीनं सांगेन.

हत्यारांचं एका वाक्यात: टायटॅनियम डायबोराइडचा थर आम्ही कापणाऱ्या हत्यारांवर ती झिजू नयेत म्हणून चढवतो, आणि तुम्ही तोच पदार्थ कापायच्या मालात घातलात, तेव्हा पंच किती ठोक्यांत बोथट होतो हे मोजल्याशिवाय किंमत सांगू नका.

आणि भंगार. याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मी जरा जास्त बोलते. पोलादाची मोठी पुण्याई ही की ते पुन्हा पुन्हा वितळवता येतं, आणि भंगाराच्या ढिगात कुणी कुळगोत्र विचारत नाही. १२ टक्के कणांच्या तुमच्या पोलादात वजनानं सव्वादोन टक्के बोरॉन आहे. गरम दाबायच्या नेहमीच्या बोरॉन पोलादात तो ०.००२ ते ०.००५ टक्के असतो, आणि तेवढ्यानंच त्या पोलादाचा स्वभाव बदलतो. म्हणजे तुमचं एक टन भंगार हजार टन साध्या भंगारात मिसळलं आणि बोरॉन तसाच राहिला, तर सगळे हजार टन त्या पातळीला जाऊन बसतील. भट्टीत ऑक्सिजन फुंकला की टायटॅनियम आणि बोरॉनचा बराचसा भाग जळून मळीत, म्हणजे रसावर तरंगणाऱ्या कचऱ्यात, जातो हे मला माहीत आहे. पण किती जातो, किती उरतो, मळीवर काय परिणाम होतो, हे कुणीतरी खऱ्या भट्टीत वितळवून मोजायला हवं. आणि ते मापांकाच्याच निबंधात यावं, दहा वर्षांनी वेगळ्या नाही. महागातलं टायटॅनियम प्रत्येक फेरीत मळीत घालवायचं असेल तर तो खर्चही वजनाच्या फायद्यातून वजा करा.

एक बारीक तक्रार मोजमापाची. ओढण-चाचणीच्या आलेखाच्या सुरुवातीच्या चढावरून काढलेला मापांक कृपा करून छापू नका. पकडीचा किंचित सरक, ताण मोजणाऱ्या उपकरणाची किंचित चूक, आणि पाच-दहा गिगापास्कल इकडचे तिकडे होतात. तुमचा सगळा शोधच वीस-तीस गिगापास्कलचा आहे! टिचकी मारून, सूर मोजून काढा. लाटण्याच्या दिशेत एक, आडव्या दिशेत एक आणि तिरक्या दिशेत एक. लोखंडाचा एकेकटा स्फटिक एका दिशेला १३० आणि दुसऱ्या दिशेला २७० गिगापास्कलच्या घरात असतो. त्यामुळे लाटण्यानं स्फटिकांना लागलेल्या दिशेच्या वळणाचं श्रेय चुकून कणांना जाऊ शकतं. तीन दिशांचे आकडे दिलेत की ती शंका मिटते.

कण घातलेला धातू गाडीत चालत नाही, असं काही नाही. १९८३ मध्ये टोयोटानं डिझेल इंजिनच्या ॲल्युमिनियम पिस्टनमध्ये सिरॅमिक धागे घातले आणि ते पिस्टन विक्रीच्या गाड्यांत धावले. तिथे अख्खा पिस्टन बदलला नव्हता. धागे पिस्टनच्या कडीच्या (रिंगच्या) खाचेपाशीच होते, जिथे झीज होते तिथे. तुम्हीही सगळी गाडी मागू नका. एक डबा मागा. इंजिनच्या चौकटीतला एखादा सरळ दांडा, ज्याला खोल दाबावं लागत नाही, ज्यात भोकं कमी आहेत आणि कडा लेझरनं कापता येतात. तेवढा द्यायची माझी तयारी आहे.

त्यासाठी मला काय लागेल ते लिहून ठेवते. १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा, निदान ५० तुकडे, तुमच्या सगळ्यात चांगल्या ओतीव तुकड्यातले निवडून काढलेले नकोत; गुंडाळीच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे. तीन दिशांचा मापांक. पंच केलेल्या आणि लेझरनं कापलेल्या, दोन्ही कडांचे भोक रुंदावण्याचे आकडे. स्पॉट वेल्ड कापून काढलेले फोटो. आणि बिघडलेल्या ओतकामांचा एक कागद, जो तुम्ही निबंधात छापला नाहीत. तो मी कुणाला दाखवणार नाही, पण पहिल्यांदा वाचेन तोच.

आपली,
वाहनांच्या सांगाड्यांवर काम करणारी एक अभियंता